तिसऱ्या दिवसाचं दुखणं

प्रशिक्षण हा शब्द कानावर पडला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत अख्खी नोकरी काढली, त्यामुळे प्रशिक्षणं मी पोटभर खाल्ली आहेत. भिंतीवर बॅनर, समईची वात पेटेना म्हणून धावपळ, तासभर उशिरा येणारे साहेब, थंड झालेले पोहे आणि शेवटी सगळ्यांचा फोटो. तिथं शिकलेलं काही पोरांपुढं कामी आलं असेल तर मला आठवत नाही. म्हणून शेजारची शकुबाई एकदा कुंपणावरून म्हणाली, "छायाताई, मी आता नर्सबायाईले ट्रेनिंग देतो," तेव्हा मी फिसकन हसले.

तिला राग आला नाही. "हसा तुमी. उद्या या पाहाले," एवढंच म्हणाली आणि धुण्याची बादली उचलून आत गेली.

नालवाडीत तिचं घर आणि माझं घर एका भिंतीनं जोडलेलं आहे. नवरा तानबा रेल्वेत गँगमन होता, रूळ तपासत जन्म गेला, आता रिटायर. एकुलती मुलगी मेघा कारंजा घाडग्याला दिलेली. शकुबाई गावाबाहेरच्या एका संस्थेत झाडू-पोछा आणि चहापाणी करायची. कॅन्सरच्या ज्या पेशंटांना दवाखान्यानं घरी न्यायला सांगितलेलं असतं, त्यांच्या घरी जाऊन ही संस्था सेवा देते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या नर्सना, आशाताईंना तेच काम शिकवतेही. जखम कशी धुवायची, लघवीची नळी कशी सांभाळायची, घरच्यांशी काय बोलायचं, आणि दुखणं कसं ओळखायचं. हे दुखण्याचं तिसऱ्या दिवशी असतं.

झालं होतं असं, की तिसऱ्या दिवशी कोणीतरी पेशंट व्हायचं आणि कोणीतरी नर्स. पण नर्सच पेशंट झाली की खाटेवर पडल्या पडल्या तिला हसू फुटायचं, मग सगळा वर्गच फिदीफिदी. शिकवणारे डॉक्टर वैतागले होते. शकुबाई तेव्हा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "हटा वं पोरीहो, मी निजतो."

आता ही बाई म्हणजे चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाची आमची हिरॉईन. विहारासमोरच्या मांडवात ती नाटकात उभी राहिली की पुढच्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावून मोकळ्या. तिनं खाटेवर पडून काय केलं ते मी पुढच्या बॅचच्या तिसऱ्या दिवशी तिच्या आग्रहावरून जाऊन बघितलं. आधी ती गप्प पडून राहिली. मग श्वास आत ओढला, थांबला, आणि "आई वं..." असं बारीक सुरू होऊन वर चढत गेलं. उजव्या हातानं खाटेची पाटी घट्ट धरली. गुडघे पोटाशी आले. आणि डोळे मिटायच्या ऐवजी तिनं ते समोरच्या नर्सच्या डोळ्यांत रुतवले. "पोरी, मरतो वं मी. काई तं कर." मी काही सहजासहजी रडणारी बाई नव्हे. तिथं मी नाक शिंकरत बाहेर आले.

नर्सनं विचारायचं असतं, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, तर तुमचं किती? शकुबाई कण्हत कण्हत म्हणाली, "बारा आणे." वर्ग हसला. डॉक्टर मात्र खूश. म्हणाले, खेड्यातला माणूस असंच सांगणार आहे, तुम्ही त्याचा आकडा करायला शिका.

तेव्हापासून चहा दुसरी बाई द्यायला लागली आणि तिसरा दिवस शकुबाईचा झाला. बॅचमागून बॅच आली. तालुक्यातालुक्यातल्या नर्स तिला मावशी म्हणू लागल्या. बसस्टँडवर कुणी भेटायची आणि सांगायची, "मावशी, काल एक पेशंट पाहिला, डिट्टो तुमच्यासारखा. लगेच डॉक्टरांना फोन केला." त्या दिवशी शकुबाई माझ्याकडं आली की चहा पिताना तिचा चेहरा बघून घ्यावा. माझ्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीत मला एवढं समाधान मिळालं नाही, हे मी तिला कधी सांगितलं नाही. उगाच चढून बसली असती.

मग तानबाला लघवीचा त्रास सुरू झाला. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, आणि निघाला तेव्हा हाडांत उतरलेला होता, कमरेच्या मणक्यात आणि मांडीत. नागपूरला नेलं, सुया झाल्या, रेडिएशनचा शेक झाला, आणि एक दिवस तिथल्या डॉक्टरांनी शकुबाईला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा, दुखणार नाही एवढं बघा. एवढं बघा! ते सांगताना त्यांना वाटलं असेल, ही तर त्यातलीच बाई आहे, हिच्या घरी काय अडचण.

संस्थेकडून घरी एक नर्स यायची, अपेक्षा नावाची. सेलूकडची पोरगी, अंगानं बारकी, कामाला चोख, स्कूटीवर भर उन्हात गावोगाव हिंडायची. शकुबाईच्याच हाताखालून गेलेली. तिच्या बॅचमध्ये दुखणं ओळखण्यात ती सगळ्यांत पुढं होती, असं शकुबाईनंच मला कौतुकानं सांगितलं होतं. ती दर शुक्रवारी यायची, नळी बघायची, पाठ बघायची आणि विचारायची, "बाबा, आज किती दुखतंय?"

तानबा म्हणायचा, "बरं हाय बाई."

"शून्य ते दहात सांगा ना."

"काई नाई. एक-दोन असन."

अपेक्षा बघायची. माणूस सरळ पडलेला, हात छातीवर, चेहरा शांत, कण्हणं नाही, कुथणं नाही. ती दोन लिहायची. दुखणं वाढलं असेल तर मॉर्फिनचा डोस वाढवायचा, हे संस्थेचे डॉक्टर तिच्या आकड्यावरून ठरवत. दोनवर कोण वाढवेल?

आणि ती गेली, स्कूटीचा आवाज वळणापलीकडं विरला, की तानबा उशाचा दुपट्टा ओढून तोंडात कोंबायचा. मी दुपारची तिथंच बसत असे, कारण शकुबाई कामावर जायची. मी बघितलं आहे. त्या दुपट्ट्याच्या कडेला चिंध्या झाल्या होत्या. मांडीला नुसता चादरीचा स्पर्श झाला तरी त्याच्या कपाळावर घाम फुटायचा, आणि तोंडातून हूं की चूं नाही.

एकदा मी चिडून बोलले, "तानबाभाऊ, त्या पोरीला खरं का सांगत नाही?"

त्यानं दुपट्ट्याची चिंध्या झालेली कड मुठीत लपवली. मग म्हणाला, "पोरीची जात हाय, ताई. माह्या मेघाएवढी. तिच्यासमोर काय रडाचं? अगोदरच ते नळी-बिळी पाह्यते, लाज जाते." पुढं म्हणाला, "आन दुखते तं दुखते. गाडीखाली बोट गेलतं माह्यं, तवाई म्या आवाज नाई केला."

ते बोट नव्हतंच त्याच्या हाताला. डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं. ती गोष्ट तो अभिमानानं सांगायचा आणि मला त्याच्या अभिमानाचा अस्सा राग यायचा!

शकुबाई डॉक्टरांकडं गेली. डॉक्टर भला माणूस आहे, हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारे त्यालाच शिव्या घालतील. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, ऐकून घेतलं. म्हणाले, "मावशी, त्यांच्या किडन्या कमजोर आहेत. डोस उगीच वाढवला तर गुंगी चढेल, श्वासावर जाईल. मला आकडा हवा, आणि तो पेशंटचा हवा, घरच्यांचा नाही. हे तर तुम्हीच शिकवता ना आमच्या पोरींना?" खरंच होतं ते. घरची माणसं कधी घाबरून जास्त सांगतात, कधी लपवतात, म्हणून पेशंटलाच विचारा, हा तिसऱ्या दिवसाचाच धडा.

तरी डॉक्टर एकदा स्वतः आले. आणि तानबानं काय करावं? साहेब आले म्हणून तो उठून बसला! महिनाभर कूस बदलताना ज्याचा जीव जायचा तो माणूस खाटेवर पाय खाली सोडून बसला, हात जोडले, "जय भीम साहेब, बसा, चहा घ्या," म्हणाला, आणि शकुबाईकडं बघून म्हणाला, "साहेबाईले खुर्ची दे वं." डॉक्टरांनी विचारलं, कसं आहे? "एकदम ठीक हाय साहेब. तुमची कृपा." डॉक्टर चहा पिऊन गेले. मग शकुबाई आणि मी त्याला दोन बाजूंनी धरून आडवं केलं, तेव्हा त्याचे दात एकमेकांवर वाजत होते. शकुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "कोनासाठी बसले तुमी? कोनासाठी?" ती ओरडली.

यंदाचा मे तुम्हाला आठवत असेल. वर्ध्यात सकाळी दहाला रस्ते ओस पडत होते. कूलरमध्ये पाणी टिकत नव्हतं. त्यातच कळलं की डॉक्टर बहिणीच्या लग्नाला गावी जाणार, पुढचा सगळा आठवडा नाहीत. म्हणजे शुक्रवारी अपेक्षा येईल तेव्हा डोस वाढला तर वाढला. नाही तर तो अख्खा आठवडा तानबानं दुपट्टा चावत काढायचा. शकुबाई गुरुवारी कामावर गेलीच नाही. दुपारी मला हाक मारली. आत गेले तर तिनं खाटेजवळ प्लास्टिकची खुर्ची मांडली होती.

"ताई, तुमी बसा इथं. तुमी अपेक्षा."

"मी काय?"

"तुमी अपेक्षा हो. ईचारा त्याईले, किती दुखते म्हून. त्याईले शिकवाचं हाय मले."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगावर काटा आला. ज्या माणसाच्या हाडांत आग लागली आहे, त्याला दुखण्याचं नाटक शिकवायचं! पण दुसरं सुचत असेल तर सांगा. मला तेव्हा सुचलं नाही आणि आजही सुचत नाही. मी खुर्चीवर बसले आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, "बाबा, आज किती दुखतंय?"

"बरं हाय," तानबा म्हणाला.

"बरं हाय नाई!" शकुबाई खेकसली. "अगोदर श्वास घ्या. असा. मंग थांबा. मंग आई वं. हात इथं, पाटीले धरा. छातीवर नाई ठेवाचा. छातीवर हात ठेवला का मानूस सुखात दिसते."

"मले नाई जमत नाटक."

"नाटक कुठं हाय? दुखते नं तुमाले?"

"दुखते."

"मंग?"

"दुखते तं दुखते. दाखवाचं काऊन?"

"ते पोरगी पाहून लिहिते म्हून! तिले म्याच शिकवलं तसं. तुमी दाखवसान नाई तं तिले दिसन कसं?"

तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्याचा हात छातीवरून उचलला गेला आणि पाटीवर आला. "आई वं," तो म्हणाला. पहिलीतलं पोर पाढा म्हणतं तसं म्हणाला. शकुबाईला हसू आलं, मला आलं, आणि आम्हाला बघून त्यालाही आलं. हसण्यानं कंबर हलली आणि त्याचा चेहरा एकदम राखेसारखा झाला. आम्ही दोघी तिथंच गोठलो. कळ आली तशी त्यानं गिळली. एवढ्या जवळून बघूनही, दुखत असताना तो काहीच करत नव्हता. नुसता थांबायचा.

"हे पाहा," शकुबाई माझ्याकडं वळून हताशपणे म्हणाली. "हे असं दुखते त्याईले. हे कोनाले दिसन?"

दुपारभर तिनं त्याला शिकवलं. मध्ये पाणी पाजायची, घाम पुसायची, पुन्हा सुरू. "डोये मिटू नका. तिच्याकडं पाहा." तो थकून जायचा आणि पुन्हा करायचा. मी दहा वेळा अपेक्षा झाले. संध्याकाळपर्यंत त्याला बऱ्यापैकी यायला लागलं. बायकोसाठी करत होता तो. एरवी त्यानं तिचं एवढं कधी ऐकलं नव्हतं.

शुक्रवारी अपेक्षा आली. चेहऱ्याला बांधलेला स्कार्फ सोडला, हात धुतले, खुर्ची ओढली. शकुबाईनं कूलर बंद केला, म्हणजे आवाज नीट ऐकू जावा. खोली एकदम तापली. मी दाराशी उभी होते.

"बाबा, आज किती दुखतंय?"

तानबानं श्वास ओढला. थांबला. "आई वं..." बारीक सुरू झालं आणि वर चढलं. उजव्या हातानं पाटी धरली. गुडघे वर घेताना त्याचं सगळं अंग थरथरलं, आणि ते थरथरणं काही शकुबाईनं शिकवलेलं नव्हतं. डोळे त्यानं अपेक्षाच्या डोळ्यांत घातले. "पोरी, मरतो वं मी. काई तं कर."

अपेक्षा खुर्चीवरून अर्धी उठली. "बाबा!" म्हणून तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. माझ्या जिवात जीव आला. आणि मग तिचा हात तिथंच थांबला. तिनं त्याच्या पाटीवरच्या हाताकडं बघितलं, गुडघ्यांकडं बघितलं. मग मान वळवून शकुबाईकडं बघितलं. बघता बघता पोरीचा चेहरा उतरला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "हे तर आपलं तिसऱ्या दिवसाचं आहे."

बंद कूलरमधून पाणी टपटपत होतं.

"हो," शकुबाई म्हणाली. "म्याच शिकवलं. पन दुखनं त्याईचं हाय, अपेक्षा. खरंच हाय. ते दाखवत नाई म्हून शिकवलं म्या."

"मावशी, असं नका ना करू. मागे एका घरी आजोबांना असंच कण्हायला लावायचे आणि गोळ्या भलतंच कोणी खायचं. बोलणी मी खाल्ली." ती परत खुर्चीवर बसली. "तुम्ही तरी नाही ना करायचं असं." मग ती तानबाकडं वळली. खाली वाकून, अगदी मायेनं म्हणाली, "बाबा, मावशींचं राहू द्या. तुम्ही मला खरं सांगा. किती दुखतं?"

आता हा माणूस उभ्या नोकरीत कधी खोटं बोलला नाही. रुळाला तडा असेल तर तडा, नसेल तर नाही. चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा पडला. पाटीवरचा हात सुटला आणि आपसूक छातीवर गेला.

"काई नाई बाई," तो म्हणाला. "बरं हाय. हिनं सांगतलं म्हून केलं."

शकुबाईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मला लिहिता येत नाही. ती अपेक्षाच्या पायाशी बसली आणि रडायला लागली. "दहा लिव्ह वं माय, दहा लिव्ह. तुह्या पाया पडतो." आणि काय दैव बघा! ते रडणंसुद्धा पोरीनं वर्गात बघितलेलं होतं. पेशंटच्या बायकोचं रडणंही शकुबाई चौथ्या दिवशी करून दाखवायची. अपेक्षा तिच्याकडं बघत होती आणि तिला कळत नव्हतं की काय खरं धरावं.

माझा तोल गेला. मी उशाचा दुपट्टा ओढून काढला आणि तिच्या मांडीवर टाकला. "हे बघ! दात बघ याला लागलेले! तू गेल्यावर हा माणूस हे चावतो. माझं तरी खरं मानशील की मलाही हिनंच शिकवलंय?"

पोरीनं त्या चिंध्या बोटांनी चाचपल्या. तिनं लगेच डॉक्टरांना फोन लावला, हे मी तिच्या बाजूनं सांगते. डॉक्टर गाडीत होते. आवाज तुटत होता. तिनं सगळं सांगितलं, कण्हण्याचंही आणि कबुलीचंही. पलीकडून आलेलं आम्हाला एवढंच ऐकू आलं, की आहे तोच डोस ठेवा, किडनीचं विसरू नका, फारच वाटलं तर दवाखान्यात भरती करा.

"दवाखाना नाई," तानबा म्हणाला. "मले घरीच राहू द्या."

अपेक्षानं आकडा लिहिला. कोणता ते मी बघितलं नाही. जाताना ती दारात थांबली, शकुबाईला काही म्हणणार होती, मग स्कार्फ बांधून गेली. शकुबाईनं उठून कूलर लावला. बऱ्याच वेळानं तानबानं विचारलं, "मले बरोबर जमलं नोतं का वं?"

"जमलं होतं," ती म्हणाली. "एकदम बरोबर जमलं होतं."

पुढचे दिवस कसे गेले ते सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. गोळी दिली की घटकाभर त्याचा जबडा सैल पडायचा आणि पुढच्या गोळीची वेळ फार लांब असायची. शकुबाई घड्याळाकडं बघत बसायची. मेघा येऊन गेली, लेकरांची तब्येत बरी नव्हती म्हणून परत गेली. शकुबाईनं खाणं सोडल्यात जमा होतं. एकदा ती मला म्हणाली, "ताई, म्या एवढ्या पोरीईले शिकवलं. सेलूच्या, कारंज्याच्या, समद्या. आता ज्या ज्या घरी मानूस गुमान पडून असन, तिथं ह्या पोरी दोन लिहून येत असतीन. मह्यामुळं." मी म्हणाले, असं नसतं गं. पण ते तसंच असावं असं मलाही वाटत होतं, आणि तिला ते माझ्या तोंडावर दिसलं.

मंगळवारी उन्हं कलल्यावर आम्ही दोघी नळावर होतो. ती तानबाच्या चादरी पिळत होती, मी दुसरं टोक धरलं होतं. तेवढ्यात कसलातरी आवाज आला. लांबलचक, घोगरा, मध्येच फाटलेला.

"कोनाचं वासरू अडकलं वं?" शकुबाई म्हणाली. तिनं हात पदराला पुसले आणि फाटकाशी जाऊन रस्त्यावर बघायला लागली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मीही तिच्यामागून जाऊन बघितलं. रस्ता रिकामा होता. आवाज पुन्हा आला, आणि आमच्या पाठीमागून आला.

ती धावली. मी पोचले तेव्हा ती खाटेजवळ उभी होती आणि त्याला हात लावायला घाबरत होती. तानबा सरळच पडलेला होता. हात छातीवर. गुडघे जागच्या जागी. डोळे आढ्याला. फक्त तोंड उघडं होतं आणि त्यातून ते येत होतं. आई नाही, बाप नाही, एकही शब्द नाही. तेहेतीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्याचा आवाज शकुबाईनं पहिल्यांदा ऐकला होता.

तिनं अपेक्षाला फोन लावला. बोलता येईना. शेवटी तिनं फोन तानबाच्या तोंडापुढं धरला. स्पीकर सुरू होता. पोरीचा आवाज आला, "मावशी? मावशी, आवाज नीट येत नाहीये. काय वाजतंय हे?" मग ती गप्प झाली. मग म्हणाली, "निघाली मी."

ती आली तेव्हा तिचं तोंड उन्हानं लाल झालं होतं. स्कार्फ बांधायचंही तिला सुचलं नव्हतं. उभ्या उभ्या तिनं डॉक्टरांना फोन केला आणि आपल्या साहेबांशी ती अशा आवाजात बोलली की मी बघतच राहिले. पलीकडून होकार आल्याबरोबर तिनं गोळ्या चमच्यात कुस्करल्या, पाण्याचे थेंब टाकले आणि थोडं थोडं करून त्याच्या गालात सोडलं. शून्य ते दहात किती, हे तिनं विचारलं नाही. मग खाली फरशीवर बसली आणि त्याचं पाऊल दोन्ही हातांत धरून ठेवलं. शकुबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

हळूहळू आवाज बारीक होत गेला. मग नुसता श्वास राहिला. अंधारायच्या सुमाराला तानबाचे डोळे आढ्यावरून खाली आले. त्यानं पायाशी बसलेली अपेक्षा बघितली, आणि आधी काय केलं तर लुंगी गुडघ्यापर्यंत सारखी केली.

"बाई," तो म्हणाला. आवाज बसलेला होता. "आज म्या नाटक नाई केलं."

अपेक्षानं नुसती मान हलवली. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. त्यानं भिंतीशी बसलेल्या शकुबाईकडं बोट केलं.

"हिनं आज काई शिकवलं नाई. ईचारून घ्या हिले."